कुंपण मोडणाऱ्यांच्या मुलखात

साम्यवादी क्रांतीनंतर आर्थिक धोरणात तडजोड कशी होते, ती कोण करतो आणि तिची किंमत कोणाला मोजावी लागते, हा माझ्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. व्हिएतनामच्या बाबतीत त्याचे उत्तर बहुधा एका वाक्यात उरकले जाते: डिसेंबर १९८६ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या सहाव्या अधिवेशनाने ‘दोई मोई’ म्हणजे नूतनीकरणाचे धोरण स्वीकारले आणि देश बाजारपेठेकडे वळला. वाक्य खरे आहे. परंतु त्याआधीची वीस वर्षे त्यात कुठेच दिसत नाहीत. त्या वीस वर्षांत प्रांतोप्रांतीच्या पक्षचिटणीसांनी, सहकारी शेतीतल्या शेतकऱ्यांनी आणि कारखान्यांच्या व्यवस्थापकांनी वरून आलेले आदेश बाजूला ठेवून जे केले, त्याला तिथले लोक ‘कुंपण मोडणे’ म्हणतात. नोव्हेंबरात व्हिएतनामला जायचे ठरले तेव्हा प्रवासाचा मार्ग मी या मोडलेल्या कुंपणांवरूनच आखला. त्यामुळे हालाँगचा उपसागर आणि होई आनचे कंदील या खेपेला राहून गेले.

सोमवार, हनोई

दिएन बिएन फु रस्त्यावरच्या उद्यानात लेनिनचा पुतळा आहे. सोव्हिएत संघाच्या मैत्रीची खूण म्हणून तो १९८५ साली उभारला गेला. संध्याकाळी त्याच्या पायाशी असलेल्या फरसबंदीवर मुले चाकांच्या फळ्यांवर कसरती करत होती. सुरुवात या पुतळ्यापासून करण्याला कारण आहे, कारण क्रांतीनंतरच्या आर्थिक माघारीचा पहिला मोठा दाखला लेनिनच्याच नावावर आहे. मार्च १९२१ मध्ये, क्रॉनस्टाटच्या नौसैनिकांचे बंड चालू असतानाच, रशियन पक्षाच्या दहाव्या अधिवेशनाने शेतकऱ्यांकडून धान्य सक्तीने उचलणे बंद केले आणि त्याऐवजी ठरावीक धान्यरूपी कर बसवला. कर भरून उरलेले धान्य शेतकऱ्याने विकावे, असे ठरले. बँका, मोठे उद्योग आणि परदेशी व्यापार सरकारने आपल्या हाती ठेवला. ते दशक संपायच्या आत स्टालिनने हे सारे गुंडाळले. हा दाखला हनोईच्या नेत्यांना पाठ होता. तरीही देश एकत्र झाल्यावर त्यांनी १९७६ ते १९८० च्या योजनेत २ कोटी १० लाख टन अन्नधान्याचे लक्ष्य ठेवले आणि दक्षिणेतही सामूहिक शेती लादली. १९८० साली प्रत्यक्षात हाती आले ते सुमारे १ कोटी ४४ लाख टन.

रात्रीचे जेवण जुन्या रेशनच्या काळातल्या वस्तू मांडून ठेवलेल्या एका खानावळीत झाले. भिंतीवरच्या काचेआड कुपनांचा एक कागद होता. पिवळट, जवळजवळ पारदर्शक झालेला कागद, त्यावर पोस्टाच्या तिकिटांएवढे चौकोन, प्रत्येक चौकोनावर महिना आणि आकडा; एका कोपऱ्यातले चौकोन कात्रीने सरळ कापून घेतलेले होते. शेजारी तांदळाचे पुस्तक ठेवले होते. साध्या सरकारी नोकराला महिन्याला १३ किलो तांदूळ मिळे, तोही अनेकदा दुसरे धान्य मिसळून. आमच्या दुभाषी मुलीची मावशी, निवृत्त शिक्षिका, आमच्याबरोबर जेवायला आली होती. तिने त्या मिसळीच्या धान्याचे वर्णन केले आणि ती ज्वारी असल्याचे माझ्या ध्यानात आले. दळायची सोय नव्हती, म्हणून अख्खी ज्वारी भातासारखी शिजवून खात असत. आपल्याकडे भाकरीची ज्वारी कौतुकाने मागून घेतली जाते. त्या बाईंना मात्र तिचे नाव काढले तरी नकोसे होत होते.

रांगेत आपली जागा राखण्यासाठी लोक वीट ठेवून जात, हेही त्यांनी सांगितले. फार उतरलेल्या चेहऱ्याला अजूनही ‘तांदळाचे पुस्तक हरवल्यासारखा चेहरा’ म्हणतात. दुकानेसुद्धा दर्जानुसार वाटलेली होती, आणि त्यावर हनोईकरांनी चार ओळी रचल्या होत्या. त्यांचा आशय असा की तोन दान रस्त्यावरचे दुकान राजेरजवाड्यांचे, न्हा थो रस्त्यावरचे मधल्या हुजऱ्यांचे, दोंग सुआन बाजार व्यापाऱ्यांचा आणि फुटपाथ शूर जनतेचा. समतेसाठी इतके रक्त सांडलेल्या देशात ही ओळ लोकांच्या तोंडी बसावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मंगळवार, विन्ह येन

हनोईच्या वायव्येला तासा-दीड तासावर विन्ह येन हे गाव लागते. ते विन्ह फुक प्रांताचे मुख्य ठिकाण होते. १ जुलै २०२५ पासून हा प्रांत फु थो प्रांतात विलीन झाला आहे. वाटेवर जपानी मोटारी आणि दुचाकी बनवणारे कारखाने लागतात. याच प्रांताचा पक्षचिटणीस किम न्गोक याने सप्टेंबर १९६६ मध्ये, अमेरिकन बाँबवर्षाव चालू असताना, ६८ क्रमांकाचा ठराव संमत करून घेतला.

त्या ठरावात काय होते हे कळण्यासाठी तेव्हाची सहकारी शेती डोळ्यांसमोर आणायला हवी. सकाळी घंटा वाजली की गावाने शेतावर जायचे, संध्याकाळी प्रत्येकाच्या नावावर कामाचे गुण मांडायचे आणि हंगामाच्या शेवटी गुणांच्या हिशेबाने धान्य वाटायचे. रोप उभे लावले काय किंवा तिरके, गुण तेवढेच. याउलट घरामागचा जो जमिनीचा तुकडा कुटुंबाला स्वतःसाठी वापरता येई (एकूण जमिनीच्या सुमारे ५ टक्के), तिथे भाजीपाला आणि डुकरे जोमाने वाढत, आणि घरच्या मिळकतीचा मोठा वाटा तिथूनच येई. किम न्गोक हा गावागावांत हिंडणारा चिटणीस होता आणि हा फरक त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. त्याने जमीन सहकारी संस्थेकडेच ठेवली, पण काम कुटुंबांना मक्त्याने वाटून दिले. ठरलेले धान्य संस्थेला दिल्यावर वरचे त्या घराचे. लोक कामाला लागले आणि भात वाढला.

१९६८ साली पक्षाचे ज्येष्ठ तत्त्वज्ञ त्रुओंग चिन्ह यांनी या प्रयोगावर कडक टीका केली. हा खासगी शेतीकडे परत जाण्याचा मार्ग आहे, असा त्यांचा आक्षेप होता. प्रयोग बंद झाला आणि किम न्गोक याला आत्मटीका लिहून द्यावी लागली. १९७९ साली तो वारला, तेव्हा त्याचे म्हणणे अजून अधिकृतरीत्या चूकच होते. २००९ साली त्याला मरणोत्तर हो ची मिन्ह पदक देण्यात आले. विन्ह येनमध्ये त्याच्या नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्यावर आम्ही चहा घेतला. टपरीवाल्या मध्यमवयीन गृहस्थांना त्याच्याबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी आपल्या वडिलांकडून ऐकलेले एवढेच सांगितले की त्या दोन वर्षांत घरात भात पुरला.

या कथेचे दुसरे टोक त्रुओंग चिन्ह यांच्यापाशी आहे, आणि मला ते फार मोलाचे वाटते. १९५० च्या दशकात उत्तरेत जमीनवाटपाच्या मोहिमेत निरपराध लोकही ‘जमीनदार’ ठरवून मारले गेले. त्याची जबाबदारी घेऊन याच त्रुओंग चिन्ह यांना १९५६ मध्ये सरचिटणीसपद सोडावे लागले होते. १९६८ मध्ये त्यांनीच किम न्गोक याला थांबवले. आणि वयाच्या पंचाहत्तरीनंतर तेच प्रांतोप्रांती फिरून कारखाने आणि शेते पाहू लागले. जुलै १९८३ मध्ये दालात या थंड हवेच्या ठिकाणी ते विश्रांतीसाठी गेले असताना सायगावचे पक्षचिटणीस न्गुयेन व्हान लिन्ह यांनी आपल्या शहरातल्या काही कारखान्यांच्या प्रमुखांना तिथे नेऊन त्यांच्यापुढे बसवले आणि नियम मोडून उत्पादन कसे वाढवले हे त्यांच्याच तोंडून ऐकवले. जुलै १९८६ मध्ये सरचिटणीस ले दुआन यांचे निधन झाल्यावर त्रुओंग चिन्ह पुन्हा सरचिटणीस झाले, आणि अधिवेशनाचा आधीच तयार झालेला अहवाल बदलून नव्या धोरणाचा अहवाल त्यांनी लिहवून घेतला. सत्याकडे सरळ पाहायचे, त्याचे योग्य मोजमाप करायचे आणि ते स्पष्ट बोलायचे, असे त्या अधिवेशनाचे बोधवाक्य होते. त्याच अधिवेशनात त्यांनी पद सोडले. ज्याने आयुष्यभर एका सिद्धान्ताची राखण केली, त्यानेच म्हातारपणी तो बदलावा, याला मी दुबळेपणा मानत नाही. मात्र किम न्गोक याला ते ऐकायला मिळाले नाही, हेही तितकेच खरे आहे.

मे २०२५ मध्ये पक्षाच्या पॉलिटब्युरोने खासगी क्षेत्राला अर्थव्यवस्थेची सर्वांत महत्त्वाची प्रेरक शक्ती म्हणणारा ठराव केला. त्याचाही क्रमांक ६८ आहे.

बुधवार, हाय फोंग

हनोईहून आगगाडीने अडीच-तीन तास. रूळ फ्रेंचांच्या काळातले, दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातखाचरे आणि मधूनमधून कारखान्यांच्या पत्र्याच्या छपरांच्या लांबच लांब रांगा. संध्याकाळ बंदराजवळ गेली.

गुरुवार, दोआन सा आणि तिएन लांग

हाय फोंगच्या दक्षिणेला किनाऱ्याकडे दोआन सा हे गाव आहे. १९७७ च्या सुमारास गावातले लोक अन्नासाठी बाहेर पडू लागले, तेव्हा तिथल्या पक्षशाखेने गुपचूप जमीन कुटुंबांना मक्त्याने दिली. बाहेर कागदावर सहकारी शेती, आत घरोघरची. ही बातमी वर गेली तेव्हा हाय फोंगच्या नेत्यांपुढे गावावर कारवाई करणे किंवा गावाची बाजू घेणे असे दोन मार्ग होते. त्यांनी दुसरा निवडला, १९८० मध्ये शहर समितीचा ठराव करून ही पद्धत सगळीकडे नेली आणि मग हनोईला जाऊन पटवून दिले. जानेवारी १९८१ मध्ये मध्यवर्ती समितीने आपला प्रसिद्ध १०० क्रमांकाचा आदेश काढला.

त्या आदेशाची रचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. नांगरणी, बियाणे, पाणी, खत आणि कीड-नियंत्रण ही पाच कामे संस्थेकडे राहिली; लावणी, निगा आणि कापणी ही तीन कुटुंबाकडे गेली. तत्त्व शाबूत ठेवून पोट भरण्याची ही सोय होती. पहिली काही वर्षे उत्पादन वाढले. नंतर संस्थांनी मक्त्याचा आकडा चढवत नेला, खत वेळेवर मिळेना, आणि शेतकरी आपला वाटा परत करू लागले. १९८८ च्या सुरुवातीला उत्तरेत पुन्हा अन्नटंचाई झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये १० क्रमांकाचा ठराव आला आणि कुटुंब हाच शेतीचा मूळ घटक मानला गेला. बैल आणि अवजारे संस्थेने शेतकऱ्यांना विकली. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, व्हिएतनामने सुमारे १४ लाख टन तांदूळ निर्यात केला. एवढा जलद पालट शेतीच्या इतिहासात विरळाच.

दोआन सामध्ये आज पाहण्यासारखे स्मारक वगैरे आम्हांला दिसले नाही. घरे तीन मजली, अंगणात वाळत घातलेले भात, आणि तरुण माणसे कारखान्यांत. एका आजोबांनी घंटा टांगण्याची जागा दाखवली. घंटा म्हणजे रुळाचा तुकडा होता, हे त्यांनी हाताने ठोकून दाखवल्यासारखे केले.

तिथून तिएन लांग जवळ आहे, आणि तिथे गेल्याशिवाय ही गोष्ट अर्धी राहिली असती. १९९३ च्या कायद्याने शेतकऱ्याला जमिनीचा वापर करण्याचा, तो हक्क विकण्याचा, गहाण ठेवण्याचा आणि वारसाला देण्याचा अधिकार दिला. पण जमीन साऱ्या जनतेची आणि तिचा कारभार सरकारचा, हे कलम कायम राहिले. हक्काला मुदत घातली गेली. तिएन लांगमध्ये एका कुटुंबाने खाऱ्या दलदलीत वर्षानुवर्षे खपून, बांध घालून मत्स्यशेती उभी केली होती. मुदत संपल्याचे सांगून स्थानिक प्रशासनाने भरपाई न देता ती जागा परत घ्यायचे ठरवले, आणि जानेवारी २०१२ मध्ये पोलीस आले तेव्हा त्या कुटुंबाने गावठी सुरुंग आणि बंदुकींनी प्रतिकार केला. काही पोलीस आणि सैनिक जखमी झाले. पुढच्याच महिन्यात पंतप्रधानांनी ही कारवाई बेकायदा असल्याचे जाहीर केले. तरी कुटुंबप्रमुखाला पाच वर्षांची शिक्षा झाली. २०१३ च्या कायद्याने वार्षिक पिकांच्या जमिनीची मुदत २० वरून ५० वर्षे केली, पण मालकीचे कलम हलले नाही. दोआन सा आणि तिएन लांग एका दुपारीत पाहता येतात इतके जवळ आहेत. तडजोड कुठवर आली आणि कुठे अडली, हे त्या दुपारी मला स्पष्ट दिसले.

शनिवार, सायगाव

आदला दिवस विमानात आणि विश्रांतीत गेला. शहराचे अधिकृत नाव हो ची मिन्ह नगर, पण माणसे सर्रास सायगावच म्हणतात.

चो लाँ भागातल्या बिन्ह ताय बाजारात तांदळाच्या दुकानांसमोर मी बराच वेळ होतो. उघड्या पोत्यांत तांदळाचे शंकूच्या आकाराचे ढीग आणि प्रत्येकात खोचलेली पाटी: जात, नवा की जुना, चिकट की मोकळा, आणि किलोचा भाव. मार्च १९७८ मध्ये याच भागातल्या व्यापाऱ्यांवर, ज्यांत चिनी वंशाचे लोक मोठ्या संख्येने होते, एका दिवसात धाडी घालून त्यांचा माल आणि दुकाने ताब्यात घेण्यात आली. असंख्य कुटुंबे होड्यांतून देश सोडून गेली. व्यापारी गेला, पण त्याचे काम करणारे सरकारी खाते उभे राहू शकले नाही. वर्षभरात या शहरात तांदूळ मिळेनासा झाला, आणि तोही मेकाँगचे भाताचे कोठार शेजारी असताना. सरकारचा खरेदीभाव किलोला ०.५२ दोंग (तिथले चलन) होता आणि त्या भावाला शेतकरी भात द्यायला तयार नव्हता.

शहराचे पक्षचिटणीस व्हो व्हान किएत यांनी बा थी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या क्रांतिकारक बाईंवर काम सोपवले. त्यांनी मेकाँगच्या खोऱ्यात जाऊन बाजारभावाने, म्हणजे सुमारे २.५ दोंगांना, तांदूळ खरेदी केला आणि शहरात आणला. हा कायद्याचा भंग होता. मी तुरुंगात गेले तर डबा पोचवा, असे बाई म्हणाल्या आणि किएत यांनी ते कबूल केले, असे इथे आवर्जून सांगतात. अधिकृत भावाच्या जवळपास पाचपट देऊन धान्य घेणारे हे लोक स्वतःसाठी काही कमावत नव्हते. क्रांतीवर त्यांची निष्ठाच इतकी पक्की होती की उपाशी शहर त्यांना पाहवेना. सुधारकांना संधिसाधू ठरवणाऱ्या आपल्याकडच्या डाव्या मित्रांनी ही हकीकत जरूर समजून घ्यावी.

किएत पुढे १९९१ मध्ये पंतप्रधान झाले. कालव्याकाठच्या हमरस्त्याला त्यांचे नाव आहे, आणि त्याच रस्त्यावर, जुन्या फ्रेंच इमारतीत, शेअर बाजार आहे. जुलै २००० मध्ये तो सुरू झाला तेव्हा त्यात दोन कंपन्यांचे समभाग होते.

रविवार, तान आन

लाँग आन प्रांताचे हे गाव आता विलीनीकरणानंतर ताय निन्ह प्रांतात मोडते. इथला प्रयोग शेतीचा नसून भावाचा होता. १९८० पासून प्रांताचे चिटणीस न्गुयेन व्हान चिन्ह यांनी रेशनचा स्वस्त भाव रद्द करून वस्तू बाजाराच्या जवळच्या भावाने विकायला काढल्या आणि फरकाची रक्कम पगारात घातली. रांगा गेल्या, रेशनच्या मालाची चोरी थांबली, आणि सरकारी दुकानात माल दिसू लागला.

जून १९८५ मध्ये मध्यवर्ती समितीने हे धोरण साऱ्या देशासाठी स्वीकारले, पण अर्धवट. पगार वाढवले आणि त्यासाठी नोटा छापल्या. कारखान्यांची तूट तशीच राहिली. सप्टेंबरमध्ये दहा जुन्या दोंगांचा एक नवा दोंग करून चलन बदलले. भाव भडकले ते असे की १९८६ ची महागाई ७७४ टक्क्यांवर गेली. एका प्रांतात यशस्वी झालेली तडजोड केंद्राने निम्मी उचलली की काय होते, याचे इतके ठळक उदाहरण मला दुसरे माहीत नाही. १९८९ मध्ये बहुतेक भाव एकदम मोकळे केले, बचतीवर महिन्याला १२ टक्के व्याज दिले, तेव्हा कुठे लोकांनी पैसे बँकेत ठेवले आणि महागाई आटोक्यात आली.

सोमवार, कान थो

मेकाँगच्या खोऱ्यातल्या कान थो शहरापासून थोड्या अंतरावर एका शेतकऱ्याच्या घरी दुपार गेली. शरद-हिवाळ्याचे पीक कापून झाले होते आणि व्यापाऱ्याची होडी कालव्यात उभी होती. घरच्या काकांनी कपाटातून लाल मुखपृष्ठाचे जमीन-वापराचे प्रमाणपत्र काढून दाखवले: आत भूखंडाचा नकाशा, क्षेत्रफळ, उपयोग, आणि मुदत २०६३ पर्यंत. बँकेतून कर्ज काढताना हेच गहाण राहते. घंटेची शेती इथे कधी रुजलीच नाही, असे ते म्हणाले. १९८० च्या सुमारास गावातला उत्पादन-गट नावापुरता उरला होता. आता मात्र ते स्वतःहून एका नव्या सहकारी संस्थेत आहेत, कारण बियाणे एकत्र घेतले आणि भात एकत्र विकला तर भाव बरा मिळतो. त्यांच्या शेजाऱ्याची निम्मी जमीन रस्त्याच्या कामात गेली होती. मालकी हवी का, असे विचारल्यावर ते म्हणाले की हवी, पण त्याआधी जमीन जाताना बाजारभाव मिळण्याची हमी हवी. शेजाऱ्याला किती मिळाले आणि त्या रस्त्यालगतचा भूखंड आज कितीला जातो, हे दोन्ही आकडे त्यांनी माझ्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिले.